बँडसाठी रचना निवडताना शेवटच्या खुर्चीपासून सुरुवात करा

नवी रचना हातात आली की मी आधी पहिल्या क्लॅरिनेटचा पार्ट, म्हणजे त्या वाद्यासाठी लिहिलेला कागद, बघत नाही, तिसऱ्याचा बघते. आमच्या हौशी बँडमध्ये त्या खुर्चीवर एक मावशी बसतात. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी क्लॅरिनेट हातात घेतलं, त्याला आता तीन वर्षं झाली. हा पार्ट त्यांना रविवारच्या दहा तालमींत बसेल का? आणि बसल्यावर त्यांना वाजवावंसं वाटेल असं त्यात काही आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय मी पुढचं पान उलटत नाही. ट्रम्पेटची झळाळती ओळ आणि शेवटचा धडाका नंतर.

ही सवय वडिलांमुळे लागली. ते पुण्यात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वरातीत लोकांचं लक्ष पुढच्या ट्रम्पेटवाल्याकडे असायचं, पण रात्री जेवताना वडील बोलायचे ते मागच्या युफोनियमवाल्याबद्दल. युफोनियम म्हणजे खालच्या सुरांचं पितळी वाद्य. तो दमला की अख्खं गाणं पडतं, असं त्यांचं म्हणणं. आज मी एका हौशी बँडची रचना निवडण्याची आणि पार्ट सांभाळण्याची जबाबदारी घेते आणि मला ते अक्षरशः पटलेलं आहे.

पहिलं काम म्हणजे हजेरी लिहून काढणं. आमची अशी आहे: फ्लूट ३, क्लॅरिनेट ८, आल्टो सॅक्सोफोन ३, टेनर १, ट्रम्पेट ५, हॉर्न १, ट्रॉम्बोन २, युफोनियम २, ट्यूबा १, तालवाद्यांवर ३. एकूण २९. ओबो नाही, बसून (bassoon) नाही. हा कागद स्कोरच्या, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेल्या प्रतीच्या, शेजारी ठेवा आणि स्कोरच्या डाव्या कडेची वाद्यांची नावं त्याच्याशी ताडून बघा. चार हॉर्नसाठी लिहिलेली रचना एका हॉर्नवर वाजवली तर एकत्र वाजणाऱ्या सुरांतले मधले स्वर गळतात. ऐकणाऱ्याला नेमकं काय कमी आहे ते कळत नाही, पण बँड पोकळ वाटतो. म्हणून स्कोरमध्ये क्यू शोधा. क्यू म्हणजे दुसऱ्या वाद्याच्या पार्टमध्ये बारीक अक्षरात छापलेले स्वर, मूळ वाद्य नसेल तर वाजवायचे. हॉर्नचे स्वर आल्टो सॅक्सोफोनला आणि ओबोचे फ्लूटला दिलेले असतील, तर त्या प्रकाशकाला छोट्या बँडची जाण आहे असं समजा. हजेरी पंधराच्या आत असेल, तर चार-पाच भागांत लिहिलेल्या, कोणत्याही वाद्यावर चालणाऱ्या फ्लेक्स रचना घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

तालवाद्यांकडे लोक सगळ्यात शेवटी बघतात आणि तिथेच अडकतात. अलीकडच्या बऱ्याच रचनांना सहा-सात तालवादक लागतात. टिंपनी (सुरात लावलेले मोठे नगारे), झायलोफोन, ग्लॉकेनश्पील, शिवाय झांजा आणि साइड ड्रम. आमच्याकडे माणसं तीन आणि टिंपनी नाहीच. टिंपनीचा पार्ट ट्यूबाच्या सुरांवर चालत असेल तर तो सोडता येतो, पण एखाद्या शांत जागी एकटी टिंपनीच वाजणार असेल तर ती रचना आम्ही घेत नाही.

प्रकाशक रचनेवर इयत्तेसारखा ग्रेड छापतात. कुणाची मोजणी पाचपर्यंत जाते, कुणाची सहापर्यंत, त्यामुळे एकाचा तिसरा ग्रेड दुसऱ्याच्या तिसऱ्याएवढा नसतो. ग्रेड बघा आणि मग स्वतः तीन गोष्टी तपासा. क्लॅरिनेट ब्रेक किती वेळा ओलांडते? मधल्या बी फ्लॅटवरून बी वर जाताना जवळजवळ मोकळी असलेली बोटं एकदम सगळी भोकं झाकतात. नवशिक्याला ही उडी संथ लयीत जमते, जलद आठव्या स्वरांत (एका मात्रेत दोन स्वर) नाही. दुसरं, ट्रम्पेट किती वेळ स्वरलेखनातल्या सगळ्यात वरच्या, पाचव्या रेषेच्या वर राहतो. एखादा उंच सूर लागतो. सलग सोळा बार (बार म्हणजे मात्रांचा एक ठरावीक गट) तिथेच थांबायचं म्हटलं की ओठ सोडून देतात. आणि तिसरं, विश्रांतीचे बार. ज्या पार्टमध्ये पितळी वाद्यांना दोन पानांत एकही मोकळा बार नाही, तो कार्यक्रमाच्या शेवटी ठेवू नका.

युफोनियमच्या बाबतीत एक बारीक गोष्ट. बहुतेक संचांत याचे दोन पार्ट येतात, एक बास क्लेफमध्ये आणि एक ट्रेबल क्लेफमध्ये. क्लेफ म्हणजे कोणत्या रेषेवर कोणता सूर वाचायचा ते सांगणारी खूण. आमच्या दोघांपैकी एक काका लग्नाच्या बँडमधून आलेले, ते ट्रेबलच वाचतात. दुसरा पोरगा शाळेच्या बँडमध्ये बास शिकला. मागवताना विचारलं नाही तर पहिला रविवार वाया जातो.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते ते. आपल्याकडे भावगीताची किंवा अभंगाची रचना बँडसाठी हवी असते आणि बऱ्याचदा सोबत गायक असतो. त्याला पट्टी विचारली की तो म्हणतो, "पांढरी दोन." बाजाच्या पेटीवर ते ठीक. पण बँडमध्ये क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट बी फ्लॅटची, म्हणजे लिहिलेला सी वाजवला की बी फ्लॅट निघतो; आल्टो सॅक्सोफोन तसाच ई फ्लॅटचा. पांढरी दोन म्हणजे डी. तिथे क्लॅरिनेटला चार शार्प (अर्ध्या सुराने चढवलेले सूर; उतरवलेले ते फ्लॅट) लागतात आणि आल्टोला पाच. त्याच गायकाला अर्ध्या सुराने चढवून काळी दोनवर आणलं, तर क्लॅरिनेटला एकच फ्लॅट आणि आल्टोला काहीच नाही. मी गायकाला हे कागदावर लिहून दाखवते आणि विनंती करते. बहुतेक जण ऐकतात. काळी दोन, काळी पाच आणि पांढरी चार, म्हणजे ई फ्लॅट, बी फ्लॅट आणि एफ, या पट्ट्यांत हौशी बँड सुरात राहतो. पांढरी एक त्यातल्या त्यात चालते, आल्टोला तीन शार्प पडतात. पांढरी पाचमध्ये मात्र क्लॅरिनेटला तीन आणि आल्टोला चार. तिकडे गेलात की शेवटच्या ओळीतल्या लोकांचा रविवार बोटं शोधण्यात जातो.

पट्टी जमली तरी काम संपत नाही. चालीखाली काय लिहिलंय ते बघा. भूपातली चाल घ्या. सा, रे, ग, प, ध. यात मध्यम नाही, निषाद नाही. एखादा संगीत संयोजक सवयीने त्याखाली चौथ्या आणि पाचव्या सुरांच्या कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) टाकतो, आणि त्या कॉर्डमधून मध्यम आणि निषाद मागच्या दाराने आत येतात. चाल बरोबर असते, भूप मात्र उरत नाही. ज्या रचनेत ट्यूबा आणि ट्रॉम्बोन षड्ज-पंचम धरून ठेवतात आणि हालचाल मधल्या वाद्यांना दिलेली असते, तिला मी पसंती देते. तानपुऱ्याची जागा पितळ किती छान घेतं हे एकदा ऐकलंत की मला वेगळं सांगावं लागणार नाही. मुरक्यांचंही तसंच. गायकाची मुरकी बत्तिसाव्या स्वरांत (एका मात्रेत आठ) उतरवून आठ क्लॅरिनेटना दिली की आठ वेगवेगळ्या मुरक्या होतात. सरळ चाल लिहिलेली असावी आणि मुरकी एकट्या वाजवणाऱ्याकडे असावी.

पाश्चात्त्य रचनांमध्ये नव्या बँडला मी इंग्रज संगीतकार गुस्ताव होल्स्टचा ई फ्लॅटमधला पहिला सुइट (अनेक भागांची रचना) बघायला सांगते. १९०९ मध्ये तो मिलिटरी बँडसाठीच लिहिला गेला, ऑर्केस्ट्रावरून उतरवलेला नाही. होल्स्ट स्वतः ट्रॉम्बोन वाजवायचे आणि ते पार्ट उघडल्यावर जाणवतं. पहिल्या भागाची आठ बारांची मूळ चाल ट्यूबा आणि युफोनियमवर सुरू होते आणि मग एकेक वाद्याकडे फिरते. आम्ही पहिल्यांदा वाजवला तेव्हा ट्यूबावाले काका तालीम संपल्यावरही खुर्चीवरून उठले नाहीत, ते आठ बार पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. इतकी वर्षं ते पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पम्-पम् करत आले होते. तिन्ही भाग साध्या बँडला एकदम झेपणार नाहीत; पहिला घ्या, पुढच्या वर्षी बाकीचे.

या सुइटचा आणखी एक फायदा. भारतात संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. होल्स्ट १९३४ मध्ये गेले, त्यामुळे मूळ रचना आपल्याकडे मोकळी आहे. नव्याने संपादित केलेल्या आवृत्तीवर मात्र त्या संपादकाचा हक्क असू शकतो. विकत घेतलेल्या संचाची झेरॉक्स काढून दुसऱ्या बँडला देणं चूक आहे, आणि चित्रपटगीताची स्वतः रचना करायची असेल तर हक्कदाराची परवानगी आधी घ्या. लिहिणाऱ्यांचं पोट यावर आहे.

कार्यक्रम कुठे आणि कधी आहे हे विसरून रचना निवडली तर काय होतं, ते मी एका दिवाळी पहाटेला अनुभवलंय. बाग, पहाटेचे सहा, गवतावर दव. सुरुवातीला मी एक अतिशय नाजूक रचना ठेवली होती, क्लॅरिनेट एकटी, वरच्या सप्तकात, अगदी हलक्या आवाजात. सभागृहात ती सुंदर व्हायची. त्या गारठ्यात वाद्यं खाली उतरलेली होती. हवेत एका अंशाचा फरक पडला की सूर सुमारे तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) सरकतो. खोलीतले पंचवीस अंश आणि बागेतले पंधरा धरले तर तीसएक सेंट झाले, म्हणजे अर्ध्या सुराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. त्यात ओठ थंड. पहिला सूर लागलाच नाही, आणि वाजवणारी मुलगी उरलेला कार्यक्रमभर मान खाली घालून बसली होती. चूक तिची नव्हती, माझी होती. तेव्हापासून उघड्यावर पहिली रचना सगळ्यांनी मिळून, मधल्या सप्तकात, भरदार आवाजात सुरू होणारी. मोकळ्या हवेत चाल ट्रम्पेट आणि युफोनियमकडे असलेली बरी, फ्लूट चौथ्या रांगेच्या पुढे पोचत नाही. नाजूक रचना बंद नाट्यगृहासाठी राखून ठेवा, आणि तिथेही दुसरी किंवा तिसरी.

रेकॉर्डिंग ऐकून भाळू नका. ऐकायचंच तर स्कोर समोर उघडून ऐका, आणि एकदा फक्त खालच्या दोन ओळींवर बोट ठेवून. ते रेकॉर्डिंग बहुतेक वेळा व्यावसायिक बँडचं असतं, तुमच्या बँडचं नाही.

संच विकत घेण्याआधी प्रकाशक नमुन्याची पानं दाखवत असतील तर एका रविवारी ती वीस मिनिटं वाचून बघा. आमचा नियम असा: पहिल्याच वाचनात, हव्या त्या संथ लयीत, न थांबता त्या पानांच्या शेवटापर्यंत पोचता आलं तर रचना घ्यायची. चुका चालतील. दोनदा सगळं विस्कटून थांबावं लागलं तर ती पुढच्या वर्षाच्या फाइलमध्ये जाते. वाचन झाल्यावर मी मत विचारते ते मागच्या रांगेला. मावशींनी मागे एकदा एका रचनेबद्दल सांगितलं होतं, "अगं, यात मला चोवीस बार एकच सूर आहे." मी पार्ट बघितला. चोवीसच होते. ती रचना परत गेली.

पीडीएफ संच असेल तर छापताना जाड कागद घ्या, पातळ कागद पंख्याने उडतो. पान उलटण्याची जागा तपासा. उलटताना मोकळे बार नसतील तर दोन पानं शेजारी चिकटवून एकच करा. प्रत्येक पार्टवर खुर्चीचा क्रमांक लिहा, माणसाचं नाव नको, माणसं बदलतात. आणि फोल्डरमध्ये पेन्सिल ठेवा, पेन नाही.