जुनी गाडी पेट्रोल पितेय? गॅरेजात नेण्याआधी एवढं बघा

आधी ॲव्हरेज खरंच पडलंय का ते मोजा. ‘हल्ली काटा लवकर खाली येतो’ याला मोजणं म्हणत नाहीत, जुन्या गाडीत टाकीतली पेट्रोलची पातळी मोजणारा फ्लोटच बिघडलेला असू शकतो. पहिल्या ऑटो कटपर्यंत, म्हणजे पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत, टाकी भरा. पंपावरचा मुलगा राउंड फिगर करायला वर अजून ओतू लागला तर हात धरा. ट्रिप मीटर शून्यावर आणा, किमान ३०० किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर परत पहिल्या ऑटो कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. एकदा नाही, दोनदा. आलेला आकडा जाहिरातीतल्या आकड्याशी ताडू नका. तो एआरएआय या वाहनचाचणी संस्थेचा, प्रयोगशाळेत रोलरवर काढलेला असतो आणि त्या रोलरवर हडपसरचा सिग्नल नसतो. आपल्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी ताडा.

मधल्या काळात टायर बदललेत? १४५/८० च्या जागी दुकानदारानं १५५/८० चे १३ इंची बसवले असतील तर चाक मोठं झालं आणि मीटर जवळपास तीन टक्के कमी किलोमीटर दाखवतोय. तेवढं ॲव्हरेज फक्त कागदावर पडलंय. मोबाइलच्या जीपीएसवर अंतर पडताळून घ्या.

मग पेट्रोल. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं, आणि लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली आहे. म्हणजे १६ देणारी गाडी १५ वर आली असेल तर गाडीत दोष शोधत बसू नका. ११-१२ वर आली असेल तर पुढे वाचा.

हवा: दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. पुढे चला.

आता थर्मोस्टॅट. मागच्या वेळी मी प्लग बदलले, फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ करून घेतले आणि हेच बघितलं नाही, म्हणून इथे ते पुन्हा पुन्हा येणार आहे. कंटाळा आला तरी वाचा. इंजिन ठरावीक तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवून धरणारा हा छोटा व्हॉल्व्ह. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. उघडाच अडकला किंवा जागेवर नसलाच, तर इंजिन पुरतं तापत नाही, कॉम्प्युटरला ते अजून थंड वाटतं आणि तो जादा पेट्रोल सोडत राहतो. कार्ब्युरेटरची गाडी चोक ओढून पुण्याहून साताऱ्याला न्यावी, तसं. जुन्या गाडीत बहुतेकदा इंजिनाचा दिवा लागत नाही, गाडी धक्के देत नाही, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

‘नसलाच’ हे उगीच लिहिलेलं नाही. गाडी एकदा उन्हाळ्यात गरम झाली की आपल्याकडे कितीतरी गॅरेजांत हा व्हॉल्व्ह सरळ काढून टाकतात. ‘ते थंड देशासाठी असतं, साहेब.’ सेकंडहँड गाडी असेल तर तो आधीच्या मालकाच्या काळातच गेलेला असू शकतो. थर्मोस्टॅट गाडीत आहे का, हे विचारू नका, बघा.

बघायचं कसं? हायवेला एकसारख्या वेगानं जाताना तापमानाचा काटा खाली घसरतो आणि सिग्नलला थांबलं की चढतो, हे पक्कं लक्षण. दुसरं, सकाळी थंड इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा. बहुतेक जुन्या पेट्रोल गाड्यांत तो काही मिनिटं गार राहून मग एकदम तापायला हवा. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर झालं निदान. पंख्यापासून हात लांब ठेवा, तो कधीही सुरू होतो. गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडू नका, कुणी कितीही घाई केली तरी. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा ब्लूटूथ स्कॅनर असेल तर कूलंटचं तापमान आकड्यातच दिसतं, मात्र २०१० च्या आधीच्या गाडीला तो जुळेलच असं नाही.

नवा थर्मोस्टॅट घालण्याआधी जुना का काढला होता ते शोधा. रेडिएटर तुंबलेला असेल किंवा पंखा वेळेवर लागत नसेल आणि तुम्ही नुसता व्हॉल्व्ह बसवलात, तर इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) जाईल आणि वाचवलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट खर्च होईल. बसवल्यावर आत बोअरचं पाणी नको, कूलंट घाला आणि त्यात अडकलेली हवा नीट काढून घ्या. थर्मोस्टॅट ठीक असूनही कॉम्प्युटरला इंजिन थंड वाटत असेल, तर दोन पिनांचा तापमान सेन्सर तपासा.

प्लग. नवे घालण्याआधी जुने फेकू नका, टोक बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि ते थर्मोस्टॅटमुळेही जातं, तेव्हा काजळी पुसून नवे प्लग घातले की काम झालं असं समजू नका. एअर फिल्टरवर फार भरवसा नको. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या गाडीत तो तुंबला तर ओढ कमी होते, ॲव्हरेज फारसं हलत नाही. पीयूसीच्या दोन जुन्या पावत्या काढून कार्बन मोनॉक्साइडचा आकडा वाढलाय का बघा. अर्थात, नळी सायलेन्सरमध्ये खरंच घातली होती, असं गृहीत धरून.

ब्रेक. मोकळ्या रस्त्यावर कमीत कमी ब्रेक लावत थोडं चालवा, उतरा आणि चारही रिमांजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय. कॅलिपरच्या पिना सुकल्यात किंवा हँडब्रेकची केबल अडकलीय. जॅकवर घेऊन हातानं फिरवलं की कळतं.

उरलेलं पटकन. चढावर रेस दिली की इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही, तर क्लच प्लेट. टायर एका कडेनं झिजला, तर अलाइनमेंट. ऑक्सिजन सेन्सर जुन्या गाडीत सुस्तावतो, पण महाग आहे, वरचं सगळं झाल्यावरच बघा. डिकी रिकामी करा. एसीचं काय सांगायचं. इंजेक्टर क्लीनिंग सगळ्यात शेवटी, आणि गॅरेजवाल्यानं सुरुवातच तिथून केली तर त्याला आधी थर्मोस्टॅटची हाउसिंग खोलून आत काय आहे ते दाखवायला सांगा.