‘खूप मजा आली’ न लिहिता: मुलांना अनुभव लिहायला कसं शिकवावं

सहावी-सातवीच्या वर्गाला ‘आमची सहल’ लिहायला सांगा. चाळीस वह्यांत एकच सहल निघते. लवकर उठलो, बसमध्ये गाणी म्हटली, डबे खाल्ले, खूप मजा आली. विषय एवढा ऐसपैस दिला की गाइडमधलंच वाक्य हाताशी येणार.

म्हणून आधी विषय लहान करा. ‘सहल’ नको, ‘सहलीत चप्पल तुटली तेव्हा’. ‘पावसाळा’ नको, ‘दप्तर भिजलं तो दिवस’. दहा-पंधरा मिनिटांत घडलेलं काहीही चालेल. सुरुवात म्हणून स्वतःची एखादी फजिती सांगा, मुलं लगेच खुलतात. घरातलं दुखणं मात्र कुणाकडून उकरून काढू नका. काय लिहायचं ते मूल ठरवेल. मुलांच्या लिहिण्यात काय दम असणार, असं वाटत असेल तर मुक्ता साळवे आठवा. फुले दांपत्याच्या शाळेतल्या या चौदा-एक वर्षांच्या मुलीने आपल्या समाजाचे भोग लिहिले आणि १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने ते छापले.

मग वह्या बंद. जोड्या करा आणि प्रसंग तोंडी सांगायला लावा. ऐकणाऱ्याने फक्त विचारायचं: ‘मग?’, ‘तू कुठे उभा होतास?’, ‘ती काय म्हणाली?’ यात अख्खी तासिका जाते, जाऊ द्या. सांगताना मुलगा म्हणतो, ‘आज्जी काय बोललीच नाय, नुसती सुपारी कातरत बसली’. वहीत उतरतं, ‘आजीला खूप राग आला’. ते पहिलं वाक्य वाचवायचं आहे. बोलण्यातली घरची भाषा तशीच राहू द्या, तिथे लाल पेन नको.

लिहिताना गाडी अडते ती काळावर. फळ्यावर तीन वाक्यं लिहा: ‘आम्ही रोज ओढ्यावर जायचो. त्या दिवशी मी एकटाच गेलो. आई बाजाराला गेली होती.’ नेहमीचं कोणतं, त्या दिवशीचं कोणतं, त्याआधी घडलेलं कोणतं, हे मुलांनाच विचारा. सगळीकडे ‘होतो-होते’ लावलं की गोष्ट जागची हलत नाही.

पहिल्या खर्ड्यात ऱ्हस्व-दीर्घ बघू नका. ‘वाईट वाटलं’खाली रेघ मारा आणि समासात एवढंच लिहा: ‘तेव्हा तुझ्याकडे बघून मला हे कशावरून कळलं असतं?’ शेवटी ‘यातून मी शिकलो की…’ आलं असेल, तर ती ओळ त्यालाच खोडू द्या.