पेनवर शाईचा डाग पडला? आधी डाग ओळखा, मग औषध निवडा

पारदर्शक फाउंटन पेनात लाल, गुलाबी किंवा जांभळी शाई महिनाभर राहिली की पेन रिकामं केल्यावरही टाकीच्या आतून रंगाची झाक दिसते. ती घालवायला लगेच ब्लीचची बाटली काढू नका. टाकीत स्वच्छ पाणी भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी ते पांढऱ्या टिशूवर ओता. टिशू रंगला तर तो नुसता साका आहे, धुण्याने जाईल. पाणी स्वच्छ आणि भिंत मात्र रंगीत असेल, तर रंग प्लास्टिकमध्ये मुरला आहे. लाल-गुलाबी शायांचे काही रंगद्रव्य अॅक्रिलिक आणि रबरात शिरतात. नूडलर्स कंपनीची बेस्टेट ब्लू ही निळी शाईही यासाठी प्रसिद्धच आहे. असा डाग दिसायला वाईट, पण लिहिण्यात काही अडथळा आणत नाही. महागडं किंवा जुनं पेन असेल तर तो राहू दिलेला बरा.

धुणं साध्या पाण्याने सुरू करा. कन्व्हर्टरने (शाई ओढायची छोटी काढता येणारी नळी) दहा-पंधरा वेळा पाणी ओढून सोडा, किंवा सुई काढलेल्या सिरिंजने मागच्या बाजूने पाणी ढकला. नागपुरात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. बोअरचं पाणी जड असतं; ते निबेखालच्या जिभेत वाळलं की बारीक खाचांत पांढरा थर बसतो, म्हणून शेवटची धुलाई आरओच्या किंवा बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने करा. दुसरं, मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला चटका देणारं पाणी येतं. एबोनाइटचं (कडक केलेल्या रबराचं) पेन त्याखाली धरलं की काळा रंग तपकिरी-हिरवट पडतो आणि तो धुऊन परत येत नाही.

पाण्याने न निघणाऱ्या वाळलेल्या शाईला अमोनिया लागू पडतो. केमिकलच्या दुकानात मिळणारा लिकर अमोनिया साधारण 25 टक्क्यांचा असतो. त्याचा 1 मिली 50 मिली पाण्यात घाला, वर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. बाटली गॅलरीत उघडा, तोंड लांब ठेवा. दहा मिनिटं पुरतात. पितळी आणि अॅल्युमिनियमचे भाग त्यात बुडवू नका.

मुरलेल्या रंगावर ब्लीचच चालतं, आणि तेही फक्त प्लास्टिकच्या टाकीवर किंवा टोपणावर. निब, जीभ, क्लिप, रबरी रिंग, सगळं आधी काढा. स्टीलच्या निबेला ब्लीच खड्डे पाडतं. हाताने बनवलेल्या बऱ्याच पेनांची जीभ एबोनाइटची असते, तिलाही ते चालत नाही. कपड्यांचं क्लोरीनवालं ब्लीच, म्हणजे रिन आला वगैरे, 1 मिली घेऊन 10 मिली पाण्यात मिसळा. (उजाला चालणार नाही, तो स्वतःच रंग आहे. ब्लिचिंग पावडरचा चुना टाकीत बसतो.) ड्रॉपरने टाकीत सोडा आणि बघत बसा. गुलाबी झाक साधारणपणे काठाकडून फिकी पडू लागते. पाच मिनिटांनी ओता, फार तर आणखी एकदा भरा. मग सहा-सात वेळा धुवा.

अमोनिया आणि ब्लीच एकत्र कधीच येऊ देऊ नका. त्यातून क्लोरामाइन नावाचा विषारी वायू निघतो. ब्लीचमध्ये कुठलंही अॅसिड पडलं तर क्लोरीन निघतो. एक वापरून झाल्यावर दुसऱ्याआधी पेन पूर्ण धुवा, शक्यतो दिवसाचं अंतर ठेवा.

आयर्न गॉल शाईचं गणित वेगळं आहे. मायफळातलं टॅनिन आणि लोहाचा क्षार यांपासून ती बनते. डायमाइन रजिस्ट्रार्स, पेलिकन 4001 ब्लू-ब्लॅक ही तिची उदाहरणं. तिच्या डागावर ब्लीच टाकलं तर काळा जाऊन गंजाचा पिवळा उरतो. तिथे व्हिटॅमिन सी वापरा: अॅस्कॉर्बिक अॅसिडची साधी पावडर अर्धा ग्रॅम, 50 मिली पाण्यात, अर्धा तास. मेडिकलमधल्या चघळायच्या नारिंगी गोळ्यांत साखर आणि रंग असतो, त्या नकोत.

प्लॅटिनम कार्बन ब्लॅकसारख्या पिगमेंट शाईत रंगाचे कण असतात; ते विरघळत नाहीत, घासूनच निघतात. मऊ ब्रश, इअरबड आणि धीर. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर मात्र घरात असले तरी विसरा. अॅक्रिलिकला तडे जातात.

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, शाईतलं पाणी भराभर उडतं आणि उरलेली शाई दाट होऊन डाग धरते. त्या दिवसांत लाल-जांभळ्या शाया अर्धी टाकीच भरा, दोन आठवड्यांत संपवा किंवा काढून टाका.

शेवटी निब खाली करून टिशूवर रात्रभर उभी ठेवा, ड्रॉपरने थेट टाकीत शाई भरायच्या पेनाच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिनने रबरी रिंग फुगते. मग रॉयल ब्लू भरून पानभर लिहा. टाकीतली शाई तासाभरात फिकी पडत गेली तर आत ब्लीच उरलंय, पेन परत उघडा.