भावाचं, बहिणीचं, लेकीचं पोर सांभाळताय? मदत कुठे मागायची ते बघा

भावाचं किंवा लेकीचं पोर घरी आणतो तेव्हा सरकारी ऑफिसचा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही, यायलाही नको. पण दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले, शाळा सुरू झाली की कागदांना हात घाला. "आपलंच रक्त आहे, कागद कशाला" म्हणणारे बरेच जण पुढे अ‍ॅडमिशनच्या वेळी दाखल्यांसाठी धावपळ करताना दिसतात.

गावात असाल तर आधी अंगणवाडी ताईंना गाठा. गावात बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष आणि ताई तिच्यात असतातच, आणि खरं सांगायचं तर समितीची मीटिंग होवो न होवो, तालुक्याला कुणाला भेटायचं हे ताईंना माहीत असतं. शहरात असाल तर सरळ जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांचं ऑफिस, आणि तिथे "जिल्हा बाल संरक्षण कक्ष" कुठे ते विचारायचं. काहीच सुचत नसेल तर १०९८ लावा, फुकट आहे, रात्रीही लागतो. फक्त मारहाणीच्या तक्रारीसाठीच हा नंबर आहे असं लोकांना वाटतं, तसं नाहीये.

तिथे गेल्यावर बाल संगोपन योजनेचं विचारा, आता तिच्या नावात क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले लागलंय. २०२३ पासून एका मुलामागे महिन्याला २२५० रुपये, आधी ११०० होते, वय १८ पर्यंत. दोन्ही आईबाप गेलेलेच पाहिजेत असं काही नाही, एक गेला असेल, घटस्फोट असेल, कुणी तुरुंगात असेल, कॅन्सरसारखं मोठं आजारपण असेल तरी अर्ज करता येतो. कागद म्हणजे मृत्यू दाखला, तुमचं नि मुलाचं आधार, रेशन कार्ड, शाळेचं बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पासबुक, आणि एक फोटो, तोही मूल आणि तुम्ही घरासमोर उभे असलेला, पासपोर्टवाला चालत नाही. मग घरी येऊन चौकशी करतात, बाल कल्याण समितीपुढे (ही जिल्ह्याची, गावातली ती वेगळी) मुलाला घेऊन जावं लागतं आणि ऑर्डर निघते. चौकशीला येतील म्हणून घर सजवत बसू नका, आहे तसं दाखवा. पैसे दर महिन्याला पडतीलच असं नाही, कधीकधी चार-सहा महिन्यांचे एकदम येतात, म्हणून क्लासच्या फीचा हप्ता त्यावर धरू नका. आणि या अर्जाला फी नाही, "साहेबांना द्यावे लागतात" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये महिना ४००० ची स्पॉन्सरशिप पण आहे, उत्पन्न गावात वर्षाला ७२ हजार आणि शहरात ९६ हजारांच्या आत पाहिजे. दोन्ही एकदम मिळतील असं धरू नका, आपली केस कशात बसते ते कक्षातच विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुलाचं नाव बदलू नका! शाळेत घालताना काका प्रेमापोटी बापाच्या जागी स्वतःचं नाव लावतो, पोराला कुणी विचारायला नको म्हणून, हेतू चांगलाच असतो हो, पण मग मृत्यू दाखल्यावर एक बाप आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरा. योजना अडकते, वारस म्हणून हक्क सांगताना अडकतं, आणि राज्यात अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का आरक्षण आहे (नातेवाईकांकडे वाढलेल्या मुलांनाही अनाथ प्रमाणपत्र निघतं) तिथेही कागद जुळत नाहीत. बापाचं नाव तेच ठेवा, तुमचं नाव फक्त पालकाच्या रकान्यात घाला.

बापाच्या नावावर जमीन असेल तर तलाठ्याकडे वारस नोंद लगेच करा. सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) म्हणून सांभाळणाऱ्याचं नाव येतं, पण ते आलं म्हणजे जमीन तुमची झाली असं नाही, अज्ञानाची, म्हणजे १८ च्या आतल्या मुलाची, जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. भाऊबंद या विषयावर गोड बोलायला लागले की सावध व्हा. कोर्टातून पालकत्व घ्यायची वेळ आली तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना आणि मुलांना वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००.

पोर गप्प गप्प राहतंय, अंथरूण ओलं करतंय, शाळेत मारामाऱ्या करतंय, तर वर्गशिक्षकांना घरची परिस्थिती एकदा नीट सांगून ठेवा. टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर १४४१६ आहे, तो तुमच्यासाठी पण आहे, साठीत नातवामागे पळणाऱ्या आजीने लावला तरी चालतो. बचत गटात विषय काढून बघा, तुमच्यासारखी अजून एखादी सापडतेच, आणि तिने ऑफिसला चकरा मारून झालेल्या असतात, मग कुठल्या टेबलावर कोण ते तिला पाठ असतं.

आणि प्रत्येक अर्जाच्या झेरॉक्सवर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का घ्या, नाहीतर पुढच्या वेळी "तुमची फाईलच नाही" हे ऐकायला लागेल.