सम रिकामी ठेवायला शिका: कोल्हापुरात राहून रूट्स रेगेचा गायक-गीतकार होण्यासाठी

कोल्हापुरात गाण्याकडे वळलेल्या मुलाला वडीलधारी माणसे सहसा दोनच मार्ग सांगतात: देवल क्लबसारख्या जुन्या संस्थेत जाऊन रागदारी शिकावी, नाहीतर ऑर्केस्ट्रात उभे राहून चित्रपटगीते म्हणावीत. रूट्स रेगे गायचे आणि त्यासाठी गाणी स्वतः लिहायची, असे ठरवणाऱ्याला सल्ला देणारे घरात कोणी नसते. असे ठरवलेल्यांसाठी हे टिपण आहे.

1960 च्या दशकाच्या अखेरीस जमैकात स्का आणि रॉकस्टेडी या प्रकारांमधून रेगे घडला, आणि त्यातील जी शाखा रास्ताफारी या जमैकन पंथाची श्रद्धा, गुलामगिरीची आठवण आणि गरीब वस्त्यांमधील जगणे यांना धरून राहिली, तिला रूट्स म्हणतात. या शाखेतील कारकीर्द कशी असते, हे पाहण्यासाठी बॉब मार्लीकडे न पाहता बर्निंग स्पिअर, म्हणजेच विन्स्टन रॉडनी, यांच्याकडे पाहावे, असे माझे मत आहे. मार्लींसारखी कीर्ती पुन्हा कोणाच्या वाट्याला आली नाही, त्यामुळे तो दाखला अभ्यासाला फारसा उपयोगी पडत नाही. रॉडनी सेंट अ‍ॅन परगण्यातले; त्याच भागातल्या मार्लींच्या सांगण्यावरून ते 1969 मध्ये किंग्स्टनच्या स्टुडिओ वन या ध्वनिमुद्रण संस्थेत गेले. ज्या अल्बममुळे जगाला त्यांची ओळख झाली तो, कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्वी यांच्या नावाचा, 1975 मध्ये आला. पुढे त्यांनी स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी काढली, दोन वेळा ग्रॅमी मिळवले आणि कित्येक दशके मैफली केल्या. हे सारे करताना त्यांनी विषय बदलला नाही आणि लय वाढवली नाही.

आता शिकण्याचे. पहिले काम गळ्याचे नसून कानाचे आहे. आपल्याकडे तबल्याच्या संगतीत वाढलेला माणूस समेवर जोर येईल अशी वाट पाहतो, तर रेगेतील ‘वन ड्रॉप’ या मूळ ठेक्यात ड्रमवाला नेमकी समच रिकामी सोडतो. चार मात्रा मोजाव्यात: पहिलीवर ड्रम गप्प राहतो, तिसरीवर मोठा ड्रम आणि स्नेअर या लहान ड्रमच्या कडेचा टोला एकत्र पडतो, आणि दुसरी व चौथी या मात्रांवर गिटारचा तुटक, लगेच दाबून टाकलेला आघात येतो. हा ठेका जगभर पोहोचवण्यात मार्लींच्या वाद्यवृंदातील कार्लटन बॅरेट या वादकाचा वाटा मोठा होता. रिकाम्या समेची सवय होण्यासाठी रोज अर्धा तास पायाने पहिली मात्रा मोजावी, हाताने फक्त तिसरीवर टाळी द्यावी आणि तोंडाने साध्या ओळी म्हणाव्यात. पहिले काही दिवस टाळी आपोआप समेवर सरकते; सरकली की थांबून पुन्हा सुरुवात करावी. ही सवय अंगात मुरण्याआधी गाणे लिहायला बसू नये, कारण तोवर लिहिलेल्या ओळी भावगीताच्या किंवा लावणीच्या चालीत जाऊन बसतात आणि मग रेगे केवळ गिटारीपुरता उरतो.

यासाठी कोल्हापूरइतकी सोयीची जागा दुसरी कोणती असेल, असे मला वाटत नाही. खासबागेपासून गावोगावच्या आखाड्यांपर्यंत कुस्तीच्या मैदानात हलगी, घुमकं आणि कैताळ वाजते. रास्ताफारी पंथाच्या न्याबिंगी वादनातही मुख्य वाद्ये तीनच, पण तिन्ही ढोल: खर्जातला मोठा ढोल, लय धरून ठेवणारा फुंदे आणि वर खेळणारा रिपीटर. या दोन परंपरांचे नाते जोडत बसू नये, कारण तसे नाते नाही. पण एकाने जमीन धरायची, दुसऱ्याने चाल सांभाळायची आणि तिसऱ्याने बोलायचे, ही कामाची वाटणी हलगीवाल्याला समजावून सांगावी लागत नाही. त्याला एवढेच सांगावे लागते की कुस्ती रंगात आल्यावर तो जशी लय चढवतो, तशी येथे चढवायची नाही. हे मात्र त्याला फार जड जाते.

वाद्यवृंद लहान ठेवावा: ड्रम, बेस गिटार, एक तुटक आघातांची गिटार, एक ऑर्गनचा आवाज देणारा कीबोर्ड आणि दोन-तीन झीलकरी. सर्वांत आधी बेसवाला शोधावा आणि त्याला सर्वांत जास्त मान द्यावा, कारण रेगेत चाल बेस सांगतो आणि श्रोत्याच्या लक्षात राहते तीही तीच. शहरात खर्जाची जाण असलेली माणसे संगीत विद्यालयांपेक्षा डॉल्बीच्या धंद्यात अधिक सापडतील. गणेशोत्सवात भिंतीएवढे स्पीकर रचणारा माणूस छातीत घुमणारा खर्ज आणि नुसता गोंगाट यांतला फरक कानाने ओळखतो. जमैकातही साउंड सिस्टिमवाल्यांनीच हे संगीत वाढवले आणि गायकाचा आवाज बाजूला काढून नुसत्या बेस-ड्रमवर खेळणारा डब हा प्रकार ज्या किंग टबींनी रुजवला, ते मुळात विजेची उपकरणे दुरुस्त करणारे कारागीर होते. (आपल्या शिवाजी उद्यमनगरात असा एखादा नक्कीच बसलेला असेल; त्याला अजून कोणी गाठलेले नाही, इतकेच.)

शब्दांच्या बाबतीत जी चूक मी सर्वाधिक पाहतो, ती म्हणजे उसने बोल. लाल-पिवळी-हिरवी टोपी घालून जमैकन बोलीतले चार शब्द उच्चारणे सोपे आहे, परंतु रास्ताफारी हा लोकांचा धर्म आहे, वेशभूषा नाही. ज्याची ती श्रद्धा नाही, त्याने ‘जाह’चे, म्हणजे त्यांच्या देवाचे, नाव घेऊन गाऊ नये. त्यातून घ्यायची ती दृष्टी: आपल्या लोकांचा इतिहास त्यांच्याच तोंडून आणि सत्तेला नाव घेऊन सांगणे. बॅबिलॉन हा शब्द जमैकन गायकाने बायबलातून उचलून जुलमी व्यवस्थेला लावला, तसा शब्द आपल्याला आपल्या बोलीत शोधावा लागेल. विषयांची वाण नाही. 1902 मध्ये राजर्षी शाहूंनी करवीर संस्थानात काढलेला पन्नास टक्के राखीव जागांचा आदेश आहे, 1920 ची माणगाव परिषद आहे, 2019 आणि 2021 चा महापूर आहे. माझ्या मते सर्वांत मोठा विषय दर हंगामात मराठवाड्यातून येथील कारखान्यांवर येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचा आहे. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात आणि मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ फिटेपर्यंत ती जोडी बांधलेली असते. ज्या भाषेत दोन माणसांना मिळून एका हत्याराचे नाव आहे, त्या भाषेत रूट्सच्या गीतकाराला अलंकार शोधत बसावे लागत नाही. मात्र फडावर जाऊन, बसून, ऐकून मगच लिहावे, आणि लिहिलेले त्याच लोकांना आधी म्हणून दाखवावे.

रचनेत ओळी आखूड ठेवाव्यात. ध्रुपद तीन-चार शब्दांचे असावे आणि ते झीलकऱ्यांनी परत परत म्हणावे; पोवाड्यातील ‘जी जी रं जी’ची झील आणि मार्लींच्या मागे 1974 पासून गाणाऱ्या आय थ्रीजची साथ यांचे काम सारखेच आहे, मुख्य गायकाला श्वास घ्यायला आणि श्रोत्याला सामील व्हायला जागा देणे. शाहिरी ऐकत वाढलेला गायक ओळ ठासून म्हणतो. रेगेत ओळ ठेक्याच्या किंचित मागे टाकावी लागते, आणि ते रागाच्या शब्दांतही जमले पाहिजे.

कार्यक्रम मिळवण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. सुरुवातीला महाविद्यालयांची संमेलने, मंडळांचे कार्यक्रम आणि मित्रांच्या गच्च्या एवढेच मिळते, आणि पहिली काही वर्षे पोटासाठी दुसरे काम धरून ठेवणे शहाणपणाचे ठरते. सुपारी घेताना इसार हातात आल्याशिवाय तारीख देऊ नये. मी एकदा ओळखीवर विसंबून दिली होती आणि टेम्पोचे भाडेही पदरचे भरले. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात, म्हणून आपले गाणे शेवटी ठेवू देऊ नये. घाट उतरला की गोवा आहे, जेथे 2016 मध्ये गोवा सनस्प्लॅश हा रेगे महोत्सव सुरू झाला. तेथे आधी तिकीट काढून श्रोता म्हणून जावे, वादकांशी बोलावे आणि पुढच्या खेपेस स्वतःचे ध्वनिमुद्रण घेऊन जावे.

ध्वनिमुद्रण करताना सर्वांनी एकाच खोलीत एकत्र वाजवावे. तुकडे जोडून केलेल्या रेगेत तो मागे रेललेला ठेका सहसा उरत नाही. जमैकात एकच वाद्यरचना, ज्याला तेथे रिडीम म्हणतात, अनेक गायक आपापल्या शब्दांनी गातात, म्हणून येथेही कोणी इंटरनेटवरची रिडीम उचलून त्यावर मराठी शब्द बसवतो. सरावाला ते चालेल, परंतु लेखी परवाना नसताना ते प्रसिद्ध करू नये.

हक्कांचे काम गाणे प्रसिद्ध होण्याआधी उरकावे. भारतात गीत आणि संगीत यांवरील स्वामित्व कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे टिकते. 2012 च्या दुरुस्तीनुसार गीतकाराने आणि संगीतकाराने हक्क कंपनीला दिले, तरी गाण्याच्या वापरावरील रॉयल्टीत कंपनीच्या बरोबरीने मिळणारा त्यांचा वाटा सोडून देता येत नाही; एखाद्या करारात तसे लिहिलेले असेल, तर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवावे. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासदत्व घ्यावे आणि प्रत्येक गाण्याची नोंद स्वतंत्रपणे करावी. ज्या दिवशी चाल पक्की होते, त्याच दिवशी शब्द कोणाचे, चाल कोणाची, बेसची ओळ कोणी सुचवली आणि कोणाचा किती वाटा, हे एका कागदावर लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. बेसवाल्याचे नाव त्या कागदावर हमखास राहून जाते, म्हणून तेच आधी लिहावे.