सीपॅकला जाणार असाल तर

अमेरिकेत राज्यशास्त्र किंवा पब्लिक पॉलिसी शिकायला येणाऱ्या आपल्या मुलामुलींना मी आवर्जून सांगते, शिक्षण संपायच्या आत एकदा सीपॅकला जाऊन या. कंझर्व्हेटिव्ह पोलिटिकल अ‍ॅक्शन कॉन्फरन्स, म्हणजे तिथल्या उजव्या मंडळींची गाजणारी परिषद. 1974 साली ती सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन तिथे बोलले. तुमची मतं त्यांच्याशी जुळलीच पाहिजेत असं नाही, माझीही बरीच जुळत नाहीत. पण ज्यांच्यावर आपण पेपर लिहितो ती माणसं तिथे समोर उभी असतात आणि विचारलं की मोकळेपणाने बोलतात.

विद्यार्थ्यांना सवलतीचं तिकीट मिळतं, कॉलेजचं ओळखपत्र जवळ असू द्या. मी गेले तेव्हा परिषद वॉशिंग्टनजवळ, मेरिलंडमधल्या नॅशनल हार्बरला होती. तिथपर्यंत मेट्रो जात नाही, पुढे बस किंवा टॅक्सी. ठिकाण दरवर्षी तेच असेल असं धरून चालू नका. 2021 आणि 2022 साली ती ऑरलँडोला भरली होती. राष्ट्राध्यक्ष येणार असतील त्या दिवशी सीक्रेट सर्व्हिसच्या तपासणीमुळे रांग फार लांबते.

मुख्य सभागृहातली मोठी भाषणं नंतर घरी बसूनही बघता येतात. तुमचा वेळ स्टॉलवर घालवा. शाळांच्या व्हाउचरचा प्रचार करणाऱ्या एका स्टॉलवर विस्कॉन्सिनच्या एक बाई होत्या. मिलवॉकीत 1990 पासून गरीब मुलांच्या खासगी शाळेची फी सरकार कशी भरतं, हे त्या कागदावर चौकोन काढून समजावत होत्या. मी त्यांना आपल्याकडच्या आरटीईच्या 25 टक्के जागांबद्दल सांगितलं आणि फीचे पैसे शाळांना अनेकदा वेळेवर मिळत नाहीत, हेही सांगितलं. त्यांचा लगेच प्रश्न, "मग शाळा त्या मुलांना मनापासून घेतात का?" एवढ्यात शेजारच्या टेबलावरचा एक लिबर्टेरियन, म्हणजे सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी हवा असं मानणारा, मुलगा मध्ये पडला. सरकारचा पैसा आला की मागोमाग सरकारचे नियमही येतात, म्हणून त्याला व्हाउचरच मान्य नव्हतं. दोघंही स्वतःला उजवे म्हणवणारे, आणि बराच वेळ तावातावाने भांडले. वर्गात आम्ही 'कंझर्व्हेटिव्ह भूमिका' असं एकवचनात लिहायचो. त्या दिवसानंतर मला तसं लिहिता आलेलं नाही.

म्हणून जाताना एखादाच विषय पक्का करून जा. शिक्षण, कर, इमिग्रेशन, काहीही. त्याच विषयावर तीन-चार वेगवेगळ्या स्टॉलवर तोच प्रश्न विचारा. वाद घालायला जाऊ नका, विचारायला जा. आपण भारतातून आलोय म्हटलं की लोक उलट प्रश्न विचारतात, तेव्हा आपल्याकडची माहितीही नीट हवी.

तिथे एक स्ट्रॉ पोल होतो, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कोण हवा, याची हजर असलेल्यांमधली नमुना मतचाचणी. त्याच्या बातम्या खूप होतात, पण अभ्यासाच्या पेपरात पुरावा म्हणून वापरताना जपून. 2010 आणि 2011 साली टेक्सासचे रिपब्लिकन खासदार रॉन पॉल पहिले आले, त्यांना तरुणांचा मोठा पाठिंबा होता. 2012 ची रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी मात्र मिट रॉम्नी यांना मिळाली. सभागृहात कोण आलं होतं एवढंच त्यातून कळतं.

आणि हे मात्र नीट लक्षात ठेवा. विद्यार्थी व्हिसावर असताना अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीसाठी देणगी देणं कायद्याने बंद आहे. उमेदवाराच्या प्रचारसमितीकडून विकत घेतलेली टोपी किंवा टी-शर्टसुद्धा देणगीतच धरला जातो. तेव्हा पाकीट काढण्याआधी स्टॉल कोणाचा आहे ते विचारा. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही बंदी नाही, म्हणून सोबतच्या मित्राने घेतलं तरी तुम्ही घेऊ नका. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून प्रचाराला मदत करता येते, तरी नाव नोंदवण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात एकदा विचारून घ्या.