दापोलीच्या पिनकोडाचे मूळ अवयव कसे काढावेत

मोठ्या संख्येचे गुणधर्म शोधायचे म्हटले, की बहुतेक जण विभाजकांची यादी करायला बसतात. ती यादी करू नये. मूळ अवयव एकदा हाती आले, की बाकीचे सारे काही गुणाकारांत निघते. उदाहरणासाठी दापोलीचा पिनकोड ४१५७१२ घेऊ.

भाग जाईल तोवर २ ने भागावे. पाच वेळा भाग जाऊन १२९९१ उरतात. अंकांची बेरीज २२, म्हणून ३ बाद. एकक स्थानी १, म्हणून ५ बाद. ७, ११ आणि १३ यांची कसोटी एकदमच घ्यावी: ७ × ११ × १३ = १००१ असल्यामुळे शेवटच्या तीन अंकांच्या संख्येतून उरलेली संख्या वजा करून, ९९१ − १२ = ९७९, एवढेच तपासले तरी पुरते. ९७९ ला ७ व १३ ने भाग जात नाही, ११ ने जातो. म्हणून १२९९१ = ११ × ११८१.

खरी अडचण इथून पुढे आहे. ११८१ मूळ संख्या आहे की नाही, हे नुसते पाहून कळत नाही, आणि याच टप्प्यावर सर्वांत वाईट सल्ले मिळतात. ‘सहाच्या पटीहून एकाने कमी किंवा जास्त असलेली संख्या मूळ असते’ हा त्यांतला एक. ११८१ ही ११८२ हून एकाने कमी आहे खरी, पण १२९९१ हीसुद्धा १२९९० या सहाच्या पटीहून एकाने जास्तच होती, आणि तिला ११ ने भाग गेला. दुसरा सल्ला निम्म्यापर्यंत, म्हणजे ५९० पर्यंत, भागून पाहण्याचा. तो चुकीचा नाही, निव्वळ व्यर्थ आहे. वर्गमूळापर्यंत गेले की पुरे, कारण दोन्ही अवयव ३४ हून मोठे असते तर त्यांचा गुणाकार किमान ३५ × ३५ = १२२५ झाला असता. मात्र ही मर्यादा सुरुवातीच्या संख्येवरून एकदाच ठरवून पुढे रेटू नये. प्रत्येक भागाकारानंतर ती नव्याने काढावी. ४१५७१२ साठी ती ६४४ होती, १२९९१ साठी ११३ आणि आता ३४. या एका सवयीने शंभराहून अधिक भागाकार वाचतात. ११ ने एकदा भाग गेला म्हणून त्याला वगळू नये, तो पुन्हाही जाऊ शकतो. इथे बाकी ४ उरते. ७, १३, १७, १९, २३, २९ आणि ३१ यांनी भागल्यास अनुक्रमे ५, ११, ८, ३, ८, २१ आणि ३ बाकी उरते. तेव्हा ११८१ मूळ संख्या आहे, यात शंका नाही.

४१५७१२ = २⁵ × ११ × ११८१.

विभाजकांची संख्या काढताना प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणावे: ६ × २ × २ = २४. त्यांची बेरीज (१ + २ + ४ + ८ + १६ + ३२) × (१ + ११) × (१ + ११८१), म्हणजे ६३ × १२ × ११८२ = ८९३५९२. तीतून मूळची संख्या वजा केली तरी ४७७८८० उरतात, म्हणजे दापोलीच्या पिनकोडाचे स्वतःहून लहान विभाजक मिळून त्याच्याहून मोठे भरतात. १ पासून ४१५७१२ पर्यंत त्याच्याशी सहमूळ असलेल्या, म्हणजे १ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या, संख्या (३२ − १६) × (११ − १) × (११८१ − १), म्हणजे १६ × १० × ११८० = १८८८०० आहेत.